अर्ध्यावर राहिलेला काला

१

गौळणी यमुनेच्या वाटेवर येऊन थबकल्या होत्या, कृष्ण अजून कदंबाच्या आडच होता, आणि नेमका तिथं केवळरामबुवांचा आवाज थांबला.

पिपरटोल्याच्या तळ्यावरचं धुकं त्या सकाळी उठायलाच तयार नव्हतं. मांडवाच्या कापडातून ऊन गाळलेल्या दुधासारखं आत येत होतं. बाहेर खळ्यांवर धानाचे पुंजणे रचलेले, त्यांचा गोडूस वास उदबत्तीत मिसळलेला. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. बायांना वाटलं, बुवा मुद्दामच थांबले. चांगला कीर्तनकार देव यायच्या आधी असाच श्वास धरतो आणि ऐकणाऱ्यालाही धरायला लावतो. टाळकऱ्यांनी नामाचा गजर उचलला. पेटीवर दुर्गाप्रसाद डोळे मिटून सुरात बुडालेला.

मग बुवा गादीवर हळूच खाली बसले, तळ्याच्या पाण्यात उतरून बसावं तसे. पांढऱ्या धोतराला मागून लाल रंग चढत होता.

पहिल्यांदा तो गुलालच वाटला सगळ्यांना. काल्याला गुलाल असतोच. मग रुख्मिणी ओरडली, "अवो बाप्पा, हे तं रगत होय!"

रुख्मिणी म्हणजे रोज पहाटे मांडव सारवणारी बाई. तिच्या ओरडण्यानं गजर तुटला. चौघांनी बुवांना उचलून गाडीत घातलं, गळ्यातला हार तसाच. मुलगा भुवनेश्वर गाडी चालवायला बसला. बुवांची बायको तुलसाबाई गाडीत पाय ठेवता ठेवता वळली. समोर सून रविता उभी होती, हातात काल्याच्या लाह्यांची परात.

"रोज गोळ्या कोन देते त्याहिले? तूच ना वं? सांग आता या लोकाइले, काय खाऊ घातलं?"

मांडवभर माणसं. सगळ्यांचे कान तिकडेच.

"आत्याबाई, मी तं..."

"त्याहिचं काई कमीजास्त झालं ना," तुलसाबाई म्हणाली, "तं तूच मारलं त्याहिले. आन तवा या घरात तुयी जागा नाई."

गाडी धुक्यात गेली. परात रविताच्या हातात तशीच राहिली.

२

हे सगळं एक बाई मांडवाच्या खांबाला टेकून पाहत होती. नंदाबाई. गोंदियाजवळच्या कुडव्याला राहायच्या, इथं काल्यासाठी आल्या होत्या. पोलिसात जमादार होत्या, आता निवृत्त. नोकरीत असताना सप्ताहाच्या बंदोबस्ताला हिची नेमणूक करू नका, असं साहेब गमतीनं म्हणायचे, कारण कीर्तन रंगलं की बाई लाठी खाली ठेवून टाळी धरायच्या. आताही त्या कीर्तनात डोळे मिटून बसत आणि लोक चिडवत, "नंदाबाई, घोरू नका बाप्पा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मी झोपत नाई. आत जाऊन आयकते."

रविता त्यांच्यासमोर येऊन बसली. रडत नव्हती. रडणं तिला अजून सापडलं नव्हतं.

"मावशी, तुमी पोलिसात होत्या. मी खरं बोलून राहिली, पन माया खऱ्याले साक्षीदार कोनी नाई."

"चाल," नंदाबाई म्हणाल्या आणि स्कूटर काढली.

गोंदियाच्या दवाखान्यात बुवा शुद्धीवर होते. आतड्यातल्या जखमेला दुर्बिणीतून चिमटे लावून डॉक्टरांनी रक्त थांबवलं होतं, बाहेरचं रक्त चढत होतं. डॉक्टर हिमांशू रहांगडाले तरुण होते, पण दमल्यावर म्हाताऱ्यासारखे बसायचे.

"देखो मौसी," ते म्हणाले, "बुवांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवलेली आहे. ती बंद पडू नये म्हणून ते रक्त पातळ ठेवणारी कॅप्सूल घ्यायचे. एकीत दोन औषधं, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन. मध्ये त्यांच्या आतड्यात मांसाचा मोठा कोंब निघाला. तो मी दुर्बिणीतून कापून काढला. त्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आता दोनांची गरज नाही, एक पुरे. म्हणून कॅप्सूल बंद केली. काही दिवस काहीच नाही दिलं, कोंब काढला, आणि जखम थोडी धरल्यावर फक्त क्लोपिडोग्रेलची गोळी सुरू केली. गायला हरकत नाही म्हणालो, वजन उचलू नका म्हणालो."

"मंग रगत कायले आलं?"

"आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी अडवायला धुरा, मातीचा बांध, असतो ना? तसे रक्तात बारीक कण असतात. जखम झाली की ते एकमेकांचे हात धरून धुरा घालतात. एका औषधानं त्यांचा एक हात सुटतो, तरी दुसऱ्या हातानं धरून राहतात बेचारे. दोन औषधं एकदम गेली की दोन्ही हात सुटले. कच्ची जखम असेल तर धुरा फुटणारच. एका गोळीवरही कधीकधी रक्त येतं, नाही असं नाही. पण मी पोटातही दुर्बीण घातली. जठराला जागोजागी ताजे ओरखडे आहेत. ही करणी मला ॲस्पिरिनची दिसते. कुठूनतरी ते पोटात जातंय."

"म्हंजे जुनी कॅप्सूल कोनी चालू ठेवली?"

"मला तसंच वाटतं. आणि घाई आहे, मौसी. जाळीसाठी क्लोपिडोग्रेल लवकर परत सुरू करावीच लागेल, नाहीतर हृदयाला धोका. पण दुसरं औषध कुठून येतंय हे कळल्याशिवाय सुरू कशी करू?"

नंदाबाई बुवांजवळ गेल्या. त्यांचा चेहरा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा होता, पण डोळे हसरे.

"बुवा, रविताच्या हातच्या गोळीबिगर दुसरी कोनती गोळी खाल्ली का?"

"नाई वं. माळ गळ्यात आहे माया. रोज सकाळी सुनेच्या हातची एक गोळी, बस. दुसरी गोळी जिभेवर ठेवली नाई."

दाराशी तुलसाबाई उभी होती. तिनं हे ऐकलं आणि नुसती रविताकडे बोट करून दाखवलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मौसी, एकतर कुणीतरी खोटं बोलतंय. नाहीतर सगळे खरं बोलताहेत, आणि औषध तरीही पोटात जातंय. मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते."

३

पिपरटोल्याला परत आल्या तेव्हा दुपार झाली होती तरी ऊन झोपेतल्यासारखं पडलं होतं. तळ्याच्या पलीकडे सारसाची जोडी धानाच्या फणांतून, कापलेल्या खुंटांतून, एकेक पाऊल मोजून टाकत होती. नंदाबाई मांडवात डोकावून घरी आल्या तोवर रविताच्या खोलीत खाटेवर तिची पिशवी भरून तयार होती.

"हे काय?"

"देवरीले जाऊन राहिली, माहेरी. ह्यायनं आत्ता दवाखान्यातून फोन केला, आई शांत होईपर्यंत जाय म्हने. उद्याची गाडी आहे." रविता पिशवीचा बंद ओढत होती, सोडत होती. "एकदा असं गेली ना मावशी, तं 'सासऱ्याले विष देनारी' हेच नाव माया मागं येईन. देवरीतबी, इथंबी. माया पोरीच्या लग्नातबी."

"नाई जाऊ देत तुले. जुन्या कॅप्सूल कुठी आहेत?"

"डॉक्टर बंद करा म्हनले त्याच दिवशी आमगावच्या लोकेंद्रभाऊच्या मेडिकलमधी वापस नेऊन देल्या. घरात ठेवल्या तं चुकीनं हात जाईन, म्हून."

"बरं. सप्ताहात मामाजीची तब्येत कशी होती?"

रविता आठवू लागली. "पयल्या दिवशी गळा बसला होता. फाटक्या ढोलावानी आवाज. मी मनात म्हनलं, यंदा काई खरं नाई. पन दुसऱ्या दिवसापासून असा मोकळा झाला का शंखच. मंग पोटात जळजळ होते म्हनत होते. मी थंड दूध देत होती कीर्तन झाल्यावर."

"कीर्तन झाल्यावरच जळजळ?"

"हो. मले वाटलं भंडाऱ्याच्या पंगतीतल्या भाजीत तिखट जास्त पडून राहिलं."

नंदाबाईंनी लोकेंद्रला फोन लावला. पलीकडून दुकानाचा कालवा ऐकू आला. लोकेंद्र चाचरत म्हणाला, "ती पाकिटं? हां, दिली होती रविताभाभीनं. पण... आता ती माझ्याकडे नाहीत."

४

आमगावात रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी इतकी लांब होती की नंदाबाईंचा स्कूटरवर बसल्या बसल्या डोळा लागला, आणि त्या पेंगेत प्रत्येक डब्यातून टाळ वाजत गेले.

लोकेंद्र बिसेन काउंटरमागं घाम पुसत होता, थंडीच्या दिवसात.

"भाऊ, घाबरतो काऊन? मी आता वर्दीत नाई."

"जमादारीणबाई, मी चूक केली. वापस आलेलं औषध पुन्हा द्यायचं नसतं."

"कोनाले देलं? भुवनेश्वरले? तुलसाबाईले?"

लोकेंद्रनं दुकानामागचा पडदा सरकवला. आत त्याचा म्हातारा काका शालीकराम आरामखुर्चीत मटाराच्या शेंगा सोलत बसला होता.

"याले," लोकेंद्र म्हणाला. "काकाजीलेही तीच कॅप्सूल सुरू आहे. म्हटलं घरचीच माणसं, वाया कशाला घालवायची."

शालीकरामनं खिशातून पाकीट काढून फडकवलं. "चांगली आहे बाई ही गोळी. तुले पायजे का?"

नंदाबाईंनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली. सगळी इथंच होती, म्हाताऱ्यानं खाल्लेल्यांच्या नुसत्या खोबण्यांसकट. म्हणजे ती पिपरटोल्याला परत गेलीच नव्हती.

"आन बुवाची नवी गोळी? देताना हात चुकला नाई ना?"

"नाही हो. पाकीट भाभीच्या हाती आहे, डॉक्टरांना दाखवा. एकच औषध आहे त्यात."

"सप्ताहात पिपरटोल्याहून कोनी रक्त पातळ करायची दुसरी गोळी नेली?"

"रक्ताची? छे. सप्ताहात खपते काय बाई? बाम, खोकल्याचं औषध, घशाचं, अंगदुखीचं. माणसं रात्रंदिवस गातात, थंडीत बसतात. हृदयाची चौकशी करायला वेळ कुणाला आहे?"

तो हसला. नंदाबाईही हसल्या, पण स्कूटर सुरू करताना त्यांचं हसू मावळलं. रविताचा हात निर्मळ होता हे त्यांना आता ठाऊक झालं होतं. पण तुलसाबाईला रिकामं पाकीट दाखवून काय होणार? ती म्हणेल, दुसरीकडून आणल्या असतील. ज्या हातानं खरंच औषध दिलं तो हात सापडेपर्यंत ती पिशवी भरलेलीच राहणार होती.

आणि तो हात रोज, कीर्तनाच्या वेळेला, बुवांच्या अगदी जवळ असला पाहिजे.

५

काला झाल्याशिवाय सप्ताह उठत नाही. म्हणून मांडव तसाच उभा होता आणि बुवा परत येईपर्यंत कीर्तन बंद पडू नये म्हणून दुर्गाप्रसादनं पेटी बाजूला सारून स्वतः गादी धरली होती.

"धरली तं धरली," रुख्मिणी कुजबुजली. ती मांडवाच्या मागं शेणाचा काला करत बसली होती. "गादीवर डोळा होताच त्याचा. लोक म्हनते, बुवाचा आवाज बसला होता तवा हाच मोठ्यानं म्हने, 'नाही जमत तर मी उभा राहतो.'"

"तू मांडव रोज सारवते. गादीच्या मागं काई दिसलं? गोळीचं कागद, औषधाची बाटली?"

"काई नाई वं माय. गादीच्या मागची जागा कशी सारवली तशीच राहते. ना थुंकी, ना पानी. बुवा लय सोवळ्याचा मानूस. नारदाची गादी म्हनते तो. एकदा तं काय झालं, ऐन रंगात चिलट गेलं त्याच्या तोंडात. आमी म्हनलं आता थुंकन. तं गिळलं ना त्यानं! आन म्हनते कसा, 'चला, एकाचा उद्धार झाला.' सारा मांडव हासला."

नंदाबाई हसत हसत दुर्गाप्रसादकडे गेल्या. तो कुडव्याचा, त्यांच्याच मोहल्ल्यातला. वीस एक वर्षं बुवांच्या डाव्या हाताला बसून पेटी वाजवणारा. आज गळ्यात हार होता, पण मान खाली होती.

"दुर्गाप्रसाद, बुवाले कीर्तनात काई खायले देते का तू?"

"खायला? दीदी, गादीवर उभा माणूस काय खाणार?"

"गोळी?"

"मी पेटीवाला आहे, डॉक्टर नाही." तो चिडला. मग त्याचा आवाज एकदम पातळ झाला. "लोक काय बोलतात ते मला ऐकू येत नाही असं वाटतं का? मला गादी पाहिजे होती म्हणे. दीदी, त्यांचा सूर लागला नाही तर माझी पेटी लाकडाचा डबा आहे. पहिल्या दिवशी त्यांचा गळा बसला, मला रात्रभर झोप नाही. त्यांचा गळा मीच सांभाळतो, दुसरं कोण?"

"कसा सांभाळतो?"

पण तेवढ्यात टाळ वाजले आणि दुर्गाप्रसाद पाया पडून गादीवर चढला.

ऊन कलत होतं. नंदाबाई खांबाला टेकल्या, डोळे मिटले, आत जाऊन ऐकू लागल्या. दुर्गाप्रसादचं कीर्तन साधंच होतं, पण भाव खरा. सूर पाण्यासारखा येत होता, जात होता. त्या पाण्यात मालगाडीचे डबे, शंखासारखा गळा, दुधाचा पेला, शेणानं गुळगुळीत सारवलेली कोरडी जमीन, सगळं हळूहळू एका दिशेनं वाहू लागलं.

मध्येच गजर सुरू झाला. नंदाबाईंनी एक डोळा उघडला. दुर्गाप्रसाद गादीवरून खाली उतरला होता. पेटीमागून त्यानं तांब्याची लोटी उचलली, मांडवाबाहेर गेला, खळखळ गुळणी केली, कण्हेरीच्या झुडपात थुंकला, तोंड पुसत परत आला आणि गादीला हात लावून पुन्हा वर चढला.

शेजारची म्हातारी नाक मुरडून म्हणाली, "आमचे बुवा गुळनीबी गादीवरच करते, उपरन्याआड. आरती होईपर्यंत गादी सोडत नाई. कदीच नाई."

नंदाबाईंनी दुसराही डोळा उघडला. मग उठल्या, भर कीर्तनात, आणि पेटीमागची लोटी उचलून नाकाशी नेली. तळाशी पांढुरका गाळ होता. वास आंबूस.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांच्या खाटेभोवती सगळे जमले. डॉक्टर हिमांशू, तुलसाबाई, भुवनेश्वर, दुर्गाप्रसाद. रविता दारातच थांबली, पिशवी खांद्याला. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं.

"आधी रविताचं," नंदाबाई म्हणाल्या. "जुन्या कॅप्सूल तिनं वापस देल्या, आमगावात मी डोळ्यानं पाह्यल्या. नवी गोळी डॉक्टरनं तपासली, बरोबर आहे. आन जळजळ कवा होत होती? सकाळी गोळी घेतल्यावर नाई. कीर्तन झाल्यावर. म्हंजे जे पोटात गेलं ते मांडवात गेलं, घरात नाई."

"मांडवात कोण औषध देणार?" भुवनेश्वरनं विचारलं.

"पयल्या दिवशी गळा बसला. दुसऱ्या दिवशी शंखावानी मोकळा झाला. आपोआप? दुर्गाप्रसाद, लोटीत काय राहते?"

"गरम पाणी," दुर्गाप्रसाद म्हणाला. "गुळणीचं."

"नुसतं?"

"मीठ... आणि एक फसफसणारी गोळी. माझे गोंदियाचे गुरुजी द्यायचे, गाणारे सगळेच करतात. गोळी पाण्यात विरते, गुळणी केली की घशाची सूज उतरते. पण दीदी, ती खायची नसते! ती नुसती..."

डॉक्टर खुर्चीतून उठले होते. "नाव काय गोळीचं?"

दुर्गाप्रसादनं कुर्त्याच्या खिशातून चुरगळलेलं पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी ते एकदा वाचलं आणि डोळे मिटले.

"ॲस्पिरिन."

"पन गुळनी तं थुंकतात ना?" तुलसाबाई म्हणाली. "पोटात कसं जाईन?"

"तेच मलेबी कळत नव्हतं," नंदाबाई म्हणाल्या. "रुख्मिणी म्हनते गादीच्या मागची जागा कोरडी. बुवा आरतीपर्यंत खाली उतरत नाई. तं रोज गजराच्या वेळी लोटीभर पानी तोंडात गेलं, ते गेलं कुठी? दुर्गाप्रसाद पाहत नाई, त्याचे डोळे मिटलेले. लोक पाहत नाई, बुवा देवाकडे तोंड करून उपरनं आडवं धरते. सांगा बुवा, काय करत होते तुमी त्या पान्याचं?"

बुवांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"काय करन?" ते म्हणाले. "नारदाच्या गादीवर उभा राहून थुंकू का मी?"

तुलसाबाईनं कपाळावर हात मारला.

"गिळत होतो. गुळनीचं पानी होतं ते. आंबट-खारट लागे, पन गळा सुटत होता. गोळी तं मी पाह्यलीच नाई कदी. मले काय ठाव पान्यात औषध आहे म्हून? तुमी इचारलं गोळी खाल्ली का, मी म्हनलं नाई. खोटं बोललो का मी?"

"नाही बुवा," डॉक्टर म्हणाले. "मीच अर्धं विचारलं. गुळण्या कशाच्या करता, अंगदुखीची पुडी कुठली घेता, हेही विचारायला पाहिजे होतं. एका दिवसात अशा कितीदा गुळण्या, आणि वरून जाळीची गोळी. दोन्ही हात सुटले." त्यांनी पाकीट खिशात टाकलं. "आता मला माहीत आहे औषध कुठून येत होतं. म्हणजे जाळीची गोळी परत सुरू करता येईल."

दुर्गाप्रसाद खाली जमिनीवर बसला होता. त्यानं बुवांच्या पायांना हात लावला आणि तो तिथंच ठेवला.

"माझ्या हातानं झालं हे."

"उठ गा," बुवा म्हणाले. "तू माया गळ्यासाठी केलं, मी नारदासाठी केलं. देवानं म्हटलं असन, या दोघा भक्ताइले वाचवता वाचवता मीच दमलो."

दुर्गाप्रसाद रडता रडता हसला. भुवनेश्वरनं बायकोच्या खांद्यावरची पिशवी उतरवायला हात पुढं केला.

रविता मागं सरकली.

"राहू द्या," ती म्हणाली. "इथं चार जनाइनं आयकलं. त्या दिवशी मांडवात आख्ख्या गावानं आयकलं होतं." आणि तिनं सासूकडे पाहिलं.

तुलसाबाईनं पदर तोंडाला लावला. ती खिडकीकडे वळली.

७

बुवांना घरी यायला दोन-चार दिवस लागले. रविता देवरीला गेली नाही, पण पिशवीही सोडली नाही. स्वयंपाक करायची, सासऱ्यांना गोळी द्यायची, सासूशी लागेल तेवढंच बोलायची.

राहिलेल्या काल्याच्या दिवशी पुन्हा धुकं होतं. डॉक्टरांनी गायला मनाई केली म्हणून बुवा खुर्चीत, गादीच्या खाली बसले, आणि बुवांनी गौळणींना जिथं सोडलं होतं तिथून दुर्गाप्रसादनं त्यांना पुढं नेलं. कृष्ण झाडामागून निघाला. त्यानं गौळणींची मडकी फोडली, सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवली, आणि मांडवातली माणसं एका वेळी डोलू लागली, वाऱ्यानं धान डोलावं तशी.

हंडी फुटायच्या आधी तुलसाबाई बायांमधून उठली.

"थांब गा दुर्गाप्रसाद. मले बोलाचं आहे."

टाळ थांबले. तिचे ओठ हलले, पण मागच्यांपर्यंत काही पोचलं नाही.

"मागं आयकू येत नाई हो!" कुणीतरी ओरडलं.

दुर्गाप्रसादनं माईक तिच्यासमोर सरकवला. तुलसाबाईनं तो विंचू धरावा तसा दोन बोटांत धरला.

"मी इथंच बोलली होती," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भोंग्यातून निघून खळ्यांवर, तळ्यावर, पार सारसाच्या जोडीपर्यंत गेला. "सुनेनं सासऱ्याले मारलं म्हून. ते खोटं होतं. गोळी तिनं बरोबर देली. चूक माया तोंडाची झाली. मी घाबरली म्हनजे मले कोनाले तरी बोलाले लागते, आन ती जवळ उभी होती. परकी वाटली मले त्या घडीले. ज्यानं ज्यानं तवा आयकलं त्यानं आताबी आयका. आन बाहेर सांगा. देवरीलेबी सांगा."

वर हंडीची दोरी करकरली.

रविता बायांच्या शेवटच्या ओळीत बसली होती, मांडीवर पोरगी. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिचे डोळे भरले, आणि या वेळी रडणं तिला सापडलं. पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून ती मनसोक्त रडली. मग नाक पुसून उठली, माणसांमधून वाट काढत पुढं आली आणि सासूच्या हातातून माईक काढून घेतला.

"बसा आता आत्याबाई," ती म्हणाली. "लोक उपाशी आहेत."

भोंग्यातून हेही गावभर गेलं. मांडव हसला, दुर्गाप्रसादनं गजर उचलला, आणि खांबाला टेकलेल्या नंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.